एका बाकावरच्या चौघी

बुधराम : ...मंग मी सुखरामले म्हनलं, बाबा, एक तं एक. पन त्या एका माशाले आनाले ट्रकच लाव. सायकलवर आनशीन तं गावात त्याची इज्जत राहत नाही.

रीना : काका, हसू नका ना! सात वाजून दहा मिनिटं झाली. आठच्या ठोक्याला मत्स्यबीज केंद्रावर यादी उघडते. यादीत जेवढं दिसलं तेवढंच ते पिशव्यांत भरतात, वर एक पिल्लू नाही.

बुधराम : हसू नको तं काय करू? सव्वा लाख पिल्लं मांगितली मानसानं तलावात सोडाले, अन् तुह्या मागनीच्या ॲपनं देल्लं काय? एक नग! मले फोनवर इचारते, नर हाये का मादी, तेवढं तरी लिहून देईन का ते पोरगी.

रंजू : मामाजी, सुखरामभाऊले एक तरी भेटला. आमच्या एवढ्याशा तळ्याच्या, बोडीच्या नावापुढं पाहा काय हाये. शून्य.

रीना : मी पाहून राहिली, रंजूताई. दोन मिनिटं. मला कळलं आहे काय झालं ते. आणि काका, हे तुमच्यामुळेच झालं!

बुधराम : घ्या! यादोराव मास्तरची पोरगी पहाटं मोहाडीहून स्कूटी हाकत आली, ते म्हाताऱ्यावर आळ घ्याले?

रीना : मागच्या मीटिंगमध्ये कोण म्हणालं, की एवढे शून्य मोजता मोजता डोळे दुखते, मधात स्वल्पविराम दे?

बुधराम : मीच म्हनलं. रजिस्टरात पान त्रेचाळीस. खाली माही सही हाये. मी कोठी नाही म्हनतो?

रीना : म्हणून काल संध्याकाळी मी नवीन ॲप टाकलं. ज्याचा फोन जसा, तसा तो आकडा सजवून दाखवते. दिसायला किती छान! पण चूक अशी झाली, की सजवलेलाच आकडा पुढं डाटाबेसमध्ये गेला. त्या डाटाबेसला साधा, उघडाबोडका आकडा लागते. मधात स्वल्पविराम दिसला की तो तिथंच थांबते. सुखरामकाकांचा एक वाचला, पुढं स्वल्पविराम. झालं. एक.

बुधराम : म्हंजे नवरी नटवली आरशासाठी, अन् पाठवली तशीच शालू-नथ घालून धानाच्या रोवनीले.

रीना : हो, तसंच! आता मी डाटाबेसला सांगितलं, की आधी सगळे स्वल्पविराम काढून टाक, मग मोज. थांबा... थांबा... आलं! सुखराम, एक लाख पंचवीस हजार! काका, आलं!

बुधराम : एका माशाचे सव्वा लाख, तेही चहा थंडा व्हाच्या आत. अशी मादी आपल्या तलावात नाही आली कधी.

रंजू : अन् आमचं?

रीना : एकोणीस गटांचं आलं ताई, तेवीसपैकी एकोणीस! पाहा, सगळे नीट...

रंजू : आमचं, रीना.

रीना : ...शून्य.

रंजू : बरोबर पाह्य.

रीना : पाहिलं. चार गट शून्यावर आहेत. तुमचा, रंभाबाईंचा, वच्छलाताईंचा आणि सुलोचनाबाईंचा. काहून असं? स्वल्पविराम तर मी सगळ्यांचेच काढले. सात वीस झाले!

रंजू : तुमाले खेळ वाटून राहिला. मामाजी, ठराव वाचून दाखवा तिले.

बुधराम : वाचाले कायले लागते? मीच लिहिला. "लहान बोडी यंदापुरती महिला गटाले द्यावी. बारा ऑगस्टपर्यंत बीज न पडल्यास बोडी मच्छीमार संस्थेकडं परत यावी." सूचक सुखराम. अनुमोदक तीन जन, तिघं भी सुखरामचे साळे.

रीना : आज तारीख किती?

रंजू : बारा. अन् पुढची खेप वीस दिवसानं. होळीपासून आमी बारा बाया कमरेइतक्या चिखलात उभ्या राहून त्या बोडीतली बेशरमाची झुडपं उपटून राहिलो. हे हात पाह्य. लोकं काठावर उभे राहून म्हनत, बायाइच्यानं बेशरम निंगत नाही. निंगाली. आता पानी हाये, पानवनस्पती लावली, ते धरली भी. फक्त मासे नाही. चाळीस हजार मांगितले मी, अन् तुहं मशीन म्हनते शून्य.

रीना : ताई, तुमची मागणी मी स्वतः पाहिली, तुमच्या फोनवर. चाळीस हजारच होते.

रंजू : मंग रस्त्यात कोनं खाल्ले?

रीना : तेच तर! मशीनलाही विचारून पाहिलं, या चौघींत सारखं काय? काहीच नाही. तालुके दोन, गावं चार, फोनच्या कंपन्या वेगळ्या, एकीकडे रेंज आहे, एकीकडे झाडावर चढावं लागते.

बुधराम : चौघी बाया हायेत.

रीना : काका!

बुधराम : मी फक्त मोजून राहिलो. चारपैकी चार.

रीना : असं असेल तर माझी नोकरी गेलीच समजा. मीच बनवलं, आणि मीच बायांना... नाही, नाही! रेवताबाईंचा गटही बायांचाच आहे, वच्छलाताईंच्याच गावातला. त्यांचे पंचवीस हजार आले.

बुधराम : बरं. बाया हे कारन खोडलं. आता मशीननं हात टेकले अशीन तं माह्या रजिस्टरले विचारतो. रंजू, माहा चष्मा दे. तिथी नाही, धोतराच्या घडीखाली. हं. सव्वीस जून, मोहाडी, ॲपचं शिबिर. हजर एकतीस. चहा अडतीस.

रीना : चहा कायले लिहिला?

बुधराम : एकतीस मानसं, अडतीस चहा. म्हंजे सात जनानं दोनदा पेला. त्यातला एक आपला एक-मासेवाला. पुढं आयक. पहिला बाक, सुखराम अन् त्याचे साळे. दुसरा बाक, रेवताबाई, बाबूलाल अन् कोनी एक झोपलेला मानूस, नाव कळालं नाही. तिसरा बाक... अरे बापा!

रंजू : काय झालं?

बुधराम : तिसरा बाक. रंजू, रंभाबाई, वच्छला, सुलोचनाबाई.

रीना : चौघी? एकाच बाकावर? दाखवा! काका, तुम्ही कोण कुठं बसलं तेही लिहिता?

बुधराम : लिहत नाही. त्या दिवशी संस्थेची छत्री हरवली. म्हनलं कोन कोठी बसलं ते मांडून ठेवू, चोर सापडन.

रीना : सापडली छत्री?

बुधराम : छत्री नाही सापडली. तुह्या चौघी सापडल्या.

रीना : रंजूताई, त्या बाकावर काय झालं होतं?

रंजू : काय होईन? बसलो होतो.

रीना : ताई, आठवा ना. साडेसात झाले. तुम्ही चौघींनी मिळून काहीतरी केलं, जे बाकीच्या सत्तावीस लोकांनी नाही केलं.

रंजू : ...फोन मराठी केले.

रीना : काय?

रंजू : तू समोरून सांगून राहिलती, हे सेटिंग, हे सबमिट. रंभाबाई म्हने, पोरी, मले एक अक्षर दिसत नाही. म्हनून मी तिचा फोन घेतला अन् भाषा मराठी केली. माहा होताच. मंग वच्छला म्हने, माहा भी कर. मंग सुलोचनाबाई. तुले इचारलं नाही, तू भाषनात होती. काही पाप केलं का मी?

रीना : मराठी फोन! थांबा, थांबा, मला डाटाबेसमध्ये ते जसंच्या तसं पाहू द्या, न मोजता... हे पाहा. हे पाहा! तुमचे चाळीस हजार इथंच आहेत, ताई! कोणी खाल्ले नाही! पण चार कसा लिहून आला पाहा.

रंजू : चारासारखा चार हाये. शाळेत शिकवला तसा.

रीना : हो! मराठी चार! फोन मराठी, म्हणून ॲपनं सजवताना आकडेही मराठी केले. आणि आमचा डाटाबेस फक्त इंग्रजी आकडे ओळखते. मराठी चार दिसला की त्याला ते चित्र वाटते. चित्राची किंमत त्याच्या लेखी शून्य. ओरडत नाही, चूक दाखवत नाही, गुपचूप शून्य मांडून पुढं जाते!

बुधराम : आमच्या वेळचा एक बाबू होता तसा. अर्ज आवडला नाही तं परत नाही करत जाय. टेबलाच्या पायाखाली लावत जाय.

रीना : आणि मी हे तपासलं होतं हो! दहा फोनवर तपासलं!

बुधराम : कोनाच्या?

रीना : ऑफिसच्या.

बुधराम : कोन्या भाषेतल्या?

रीना : ...इंग्रजी. सगळे.

बुधराम : पेपर तूच काढला, तूच सोडवला, तूच तपासला. शंभरपैकी शंभर. मास्तरले सांगू का?

रीना : बाबांना सांगू नका. ऐका, सोपं आहे आता. सात पस्तीस. चौघींचे फोन पुन्हा इंग्रजीत करायचे, मागणी पुन्हा पाठवायची. पाच मिनिटं. ताई, तुमचा फोन द्या, आणि बाकी तिघींना फोन लावा.

रंजू : नाही.

रीना : नाही म्हणजे?

रंजू : नाही करत इंग्रजी.

बुधराम : सूनबाई, आज बारा तारीख हाये. बोडी जाईन हातची. दुपारी सुखराम रजिस्टर मांगाले येते, मी काय लपवून ठेवू? मी सासरा घरी. या रजिस्टरापुढं मी संस्थेचा सचिव.

रंजू : मले मालूम हाये. पन रंभाबाईले फोनवर काय सांगू? ज्या अक्षरात ते आंधळी होती, तिथी परत जाय? साठ वर्साची बाई. पहिले कोनाचा फोन आला हे पाहाले शेजारनीकडं धावे. मराठी केला त्या दिवशी बसमधी तिनं पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यानं वाचलं. "बॅटरी कमी आहे." अन् पूर्ण बसले आयकू जाईन असं म्हने, "वच्छले, माहा फोन उपाशी हाये वो!" आता ते रोज वाचते. भाव वाचते, हवामान वाचते, भांडन भी लिहून करते. रीना, चूक तुह्या मशीनची. अन् बदलाचं रंभाबाईनं?

रीना : ताई, मी कुठं म्हणते बदल त्यांनी कायमचा... आजच्यापुरता. मागून मी दुरुस्त करीन.

रंजू : आजच्यापुरता म्हनून काय काय झालं ते मामाजीच्या रजिस्टरात पाहाले भेटन. आमच्या तलावाचा रस्ता भी आजच्यापुरताच बंद होता. किती वर्स झाले, मामाजी?

बुधराम : अकरा.

रंजू : अन् तुमच्या रजिस्टरात आकडे कोनते हायेत?

बुधराम : मराठी. तीस वर्सापासून.

रंजू : तीस वर्सात कोनाले शून्य दिसले?

बुधराम : ...तपासाले साहेब आले, लेखापरीक्षक आले, एक तं बंगाली होता. कोनाले शून्य नाही दिसले. पोरी रीना, तुह्या मशीनले दहा आकडे शिकवाले किती वेळ लागते?

रीना : शिकवायला पाच मिनिटं. पण काका, तुम्हाला समजत नाही, केंद्रावर उघडणारी खरी यादी हीच आहे. घाईत माझा हात चुकला तर चौघी तर जातीलच, बाकीचे एकोणीसही शून्यावर येतील. तेवीस गटांना आज मासे नाही. मग मी मोहाडीच्या बाजारात कोणत्या तोंडानं फिरू?

बुधराम : तुह्याकडं कच्ची वही नाही का?

रीना : कच्ची वही?

बुधराम : मी कधीच पक्क्या रजिस्टरात पहिले लिहत नाही. पहिले कच्च्यात. जुळलं का मंग पक्क्यात.

रीना : ...यादीची नक्कल काढते. नकलेवर चालवून पाहते. काका, तुम्ही ऑफिसमध्ये का नाही?

बुधराम : तिथी चहा कोनी मोजत नशीन.

रीना : सात चव्वेचाळीस. चला! दहा जोड्या. मराठी शून्याला इंग्रजी शून्य, शून्यापासून सुरू...

बुधराम : शून्यापासून? शून्यापासून कोनी मोजते का वो? आमी धान मोजो का पिल्लं मोजो, पहिल्या मापाले एक भी नाही म्हनत. पहिलं माप लाभ. मंग दोन, तीन.

रीना : मशीन शून्यापासूनच मोजते, काका.

बुधराम : तरीच चौघीच्या नावापुढं पहिलं तेच सुचलं त्याले.

रंजू : मामाजी, तिले लिहू द्या.

रीना : ...सात, आठ, नऊ. झालं. नकलेवर चालवते. या... या... आली! चौघी आल्या! ताई, चाळीस हजार! पाहा, तुमचं नाव, चाळीस हजार! वच्छलाताई तीस हजार! सुलोचनाबाई नव्वद हजार! रंभाबाई पंच्यान्नव...

रंजू : आली! मामाजी, आली!

बुधराम : थांबा. रंभाबाई किती?

रीना : पंच्यान्नव हजार.

बुधराम : तिच्या बोडीत? तिथी एक म्हैस बसली तं पानी रस्त्यावर येते. पंच्यान्नव हजार पिल्लं सोडली तं म्हशीवर चढून बसतीन. शिबिरात सगळ्याइनं सांगितलेली मागनी माह्याकडं लिहून हाये, रंभाबाई पंधरा हजार, सुलोचनाबाई दहा. तू एकाचा नऊ केला.

रीना : मी? कुठं? मी तर... अरे देवा. मराठी एक पाहिला आणि घाईत नऊच टाकला. इंग्रजी नऊसारखाच दिसते ना तो!

बुधराम : यादोराव मास्तरनं चाळीस वर्स पोराइले पाढे शिकवले, अन् घरची पोरगी एकाले नऊ म्हनते. हे मी मास्तरले सांगनारच. हे ठरावात घेईन.

रीना : घ्या, घ्या, पण बरं झालं कच्च्यात होतं! सात बावन्न. एकाला एक. पुन्हा चालवते. वाचते, तुम्ही जुळवा. रंभाबाई पंधरा हजार.

बुधराम : बरोबर.

रीना : सुलोचनाबाई दहा.

बुधराम : बरोबर.

रीना : वच्छलाताई तीस. रंजूताई चाळीस.

बुधराम : बरोबर. बरोबर.

रीना : सुखरामकाका सव्वा लाख.

बुधराम : त्याचा एकच राहू देतो का? बरं, बरं. बरोबर. बाकी अठरा वाच, झपझप.

रंजू : सात सत्तावन्न.

रीना : ...बाबूलाल, साठ हजार. संपले. तेवीस.

बुधराम : तेवीस. मांड आता पक्क्यात.

रीना : एकाला नऊ करणारा हात नको. ताई, तुम्हीच मांडा.

रंजू : मी? हे बटन का?

रीना : हेच.

रंजू : दाबू?

रीना : दाबा!

(साडेअकरा. लहान बोडीचा काठ. मालवाहू गाडी आत्ताच परत फिरली आहे.)

बुधराम : आठ पिशव्या. लिहून घेतो. ड्रायव्हर म्हने, रंभाबाईकडं पिशव्या उतरवताना तिनं त्याले पहिले बसवलं, पानी पाजलं, अन् मंग फोनवरचा संदेश वाचून दाखवला. "आपली मागणी पंधरा हजार, मंजूर." दोनदा वाचला म्हने. मंगच पिशवीले हात लावू देल्ला.

रंजू : मले भी फोन आलता तिचा. म्हने, सकाळी कोनता गोंधळ होता वो, सुखराम गावोगाव फोन करून सांगून राहिला का ॲपमधी मासे मेले?

रीना : तुम्ही काय सांगितलं?

रंजू : म्हनलं, नाही मावशी. ते मोजनाऱ्यांची उजळनी चालू होती.

रीना : ऑफिसला मी सांगितलं, उद्यापासून तपासायच्या फोनांत दोन मराठी पाहिजेत. साहेब म्हणाले, कोणी सुचवलं? मी म्हटलं, हरवलेल्या छत्रीनं. ताई, पिशव्या अजून पाण्यावर तरंगतच ठेवल्या? सोडत काहून नाही? बारा वाजतील!

रंजू : पिशवीतलं पानी अन् बोडीचं पानी सारखं होऊ दे. एकदम सोडलं तं दचकते ते, अन् उलटे होते. घाई तुह्या मशीनमधी. इथी नाही.

रीना : केवढुशी आहेत! चाळीस हजार आहेत हे कसं कळते तुम्हाला?

बुधराम : एक पिशवी वाटीनं मोजाची. एका वाटीत किती पिल्लं, एका पिशवीत किती वाट्या. बाकीच्या सात त्या हिशेबानं. हात लाव, रंजू. पानी झालं का सारखं?

रंजू : झालं.

बुधराम : तं सोड गाठ. रीना, मोजनी तुही. मोठ्यानं म्हन, मले लिहाचं हाये. बारा ऑगस्ट, अकरा बावन्न.

रीना : मी मोजू?

रंजू : तूच. मी वाटी भरते.

बुधराम : अन् पाह्य, शून्यापासून सुरू करशीन तं मासे वापस जातीन.

रंजू : घे. पहिली वाटी.

रीना : लाभ.